चरतंय तोवर

जनावर चरतंय तोवर त्याला हात लावायचा नाही, ही आमच्या गोठ्यातली आबांची शिस्त. आबा म्हणजे माझे सासरे. कसबा बावड्यात त्यांचं सगळं आयुष्य गाई-म्हशींत गेलं. वैरण खातंय, रवंथ करतंय, शेण नीट टाकतंय, म्हणजे जनावर चांगलं. त्यात बिघाड दिसला तर डॉक्टर, मग औषध, मग इंजेक्शन. सुरी लावायची ती सगळे उपाय थकल्यावर. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून हे ऐकत आले आणि मला ते मनापासून पटत होतं. गाई-म्हशींच्या बाबतीत आजही पटतं. गिनीपिगच्या बाबतीत मात्र माझं मत पार उलटं झालं आहे. ते का झालं हे सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण आता कोल्हापुरात बऱ्याच घरांत हा जीव दिसतो, आणि त्याच्या माद्यांना ओव्हरीवर सिस्ट होणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

नेहमीची म्हणजे किती? मेल्यानंतर तपासलेल्या माद्यांच्या अभ्यासांत निम्म्याहून अधिक माद्यांच्या ओव्हरीवर सिस्ट सापडल्या आहेत. वय दीड-दोन वर्षांच्या पुढे गेलं की प्रमाण वाढत जातं. पाच ते आठ वर्षांचं आयुष्य असलेल्या प्राण्याला ऐन उमेदीत हा त्रास सुरू होतो. हे सगळं मला नंतर समजलं. आमच्या घरात बुंदी आणि चिंगी आल्या तेव्हा त्यांना ढबू मिरची आणि आवळा द्यायचा, कारण माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, एवढं लेकीनं शोधून काढलं होतं. होल्स्ट आणि फ्रोलिश या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी 1907 साली स्कर्व्हीचा अभ्यास केला तो गिनीपिगवरच. माणसाच्या औषधांसाठी हा प्राणी शंभर वर्षांहून जास्त काळ राबला. त्याच्या स्वतःच्या दुखण्यावर औषध शोधायला निघालं की डॉक्टर सापडता सापडत नाही.

बुंदीचे केस गळायला लागले तेव्हा ऊसतोडीचा हंगाम होता. राजाराम कारखान्याकडे ट्रॅक्टरची रांग, हवेत धूळ, त्यामुळे मला आधी धुळीचीच शंका आली. मग खरूज वाटली. आमच्या इथल्या डॉक्टरांनीही आधी खरजेचं औषध दिलं आणि ते बरोबरच होतं, कारण गिनीपिगमध्ये खरजेचे किडे फार आढळतात. पण खरजेत प्राणी खाजवून खाजवून स्वतःला रक्तबंबाळ करतो. बुंदी खाजवत नव्हती. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होत चालले होते आणि खालची कातडी स्वच्छ, गुळगुळीत होती. स्तनाग्रांवर मात्र खपल्या धरल्या होत्या. आणि एरवी चिंगीच्या अंगाला अंग लावून झोपणारी ही, आता घुमल्यासारखा आवाज काढत तिच्या अंगावर चढायला लागली होती.

हे आबांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "अगं, मग हिच्या बीजांडावर गाठ आसंल. आपली होस्टन न्हवती का, कायम माजावर?"

आबांचा अंदाज खरा निघाला. बावड्यात ज्यांच्याकडे संकरित गाय आहे, त्यांना या गाठीबद्दल सांगावं लागत नाही. गाय अवेळी पुन्हा पुन्हा माजावर येते, दुसऱ्या गाईंवर चढते, भरवली तरी उलटते. डॉक्टर खांद्यापर्यंत हातमोजा चढवून आत हात घालतात, ओव्हरी चाचपतात आणि सांगतात, सिस्ट आहे. हॉर्मोनचं एक इंजेक्शन होतं आणि बऱ्याच गाई तीनेक आठवड्यांत वळणावर येतात. 1963 साली गोकुळ दूध संघ सुरू झाला, घरोघरी संकरित गाई आल्या, तेव्हापासून या जिल्ह्यातल्या दूधवाल्याला हे इंजेक्शन तोंडपाठ आहे. गाईच्या ओव्हरीवरच्या गाठीसाठी पोट फाडल्याचं आमच्या गल्लीत कुणी ऐकलेलं नाही.

त्यात माझा स्वतःचा अनुभव. लेक शाळेत जायला लागली त्या सुमारास माझ्या डाव्या ओव्हरीवर सिस्ट निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी दोन-तीन पाळ्या थांबायला सांगितलं. पुन्हा सोनोग्राफी केली तर गाठ विरलेली. बायकांमध्ये अशा बऱ्याच सिस्ट आपोआप जातात. तेव्हा गोठ्यातलं शहाणपण एका बाजूला आणि माझं स्वतःचं पोट दुसऱ्या बाजूला, दोघांची साक्ष एकच होती: थांबा, फार तर इंजेक्शन द्या, कापाकापी नको. किलोभरसुद्धा वजन नसलेल्या जिवाच्या पोटावर सुरी चालवायची कल्पनाच मला क्रूर वाटत होती. लेकीनं ऑपरेशनचं नाव काढलं की मी विषय बदलायची.

सोनोग्राफी झाली ती मी जवळून पाहिली. बुंदीला टॉवेलमध्ये गुंडाळून लेकीनं धरलं होतं. कुशीवर केस उरलेच नव्हते, त्यामुळे भादरायची गरज पडली नाही. जेल हातावर चोळून कोमट करून मग लावलं. पडद्यावर आधी करड्या रंगाची गर्दी दिसली, आतड्यांची. मग मूत्रपिंड, आणि त्याच्या शेजारी काळाभोर, कडा नीट आखलेला गोल. डॉक्टरांनी मोजलं: उजवीकडे 4 सेंटीमीटरच्या थोडं पुढे, डावीकडे त्याच्या निम्म्यानं, आणि डावीकडच्या गोलात पडदे पडलेले. बुंदीची सबंध लांबी वीत-सव्वा वीत. एवढ्याशा पोटात लिंबाएवढी पाण्याची गाठ, आणि ही बया तरीही घरी येऊन कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज ऐकताच शिट्ट्या मारत होती. मी मनाशी म्हटलं, खातेय ना, मग घाई कशाला?

इथे या गाठींच्या जाती सांगायला हव्यात, कारण सगळा निर्णय त्यावरच अवलंबून असतो आणि घरी आणलेल्या रिपोर्टवर बहुतेक वेळा फक्त 'सिस्ट' एवढंच लिहिलेलं असतं. एक जात असते बीजपुटकाची, म्हणजे फॉलिक्युलर. अंडं सुटायचं राहून जातं आणि बीजपुटक पुटकुळीसारखं वाढत राहतं. ही गाठ हॉर्मोन सोडते. केस गळणं, स्तनाग्रांवरच्या खपल्या, अंगावर चढणं ही लक्षणं बहुधा तिच्यामुळे. गाईतली गाठ याच कुळातली, म्हणून तिला इंजेक्शन लागू पडतं. दुसरी जात सीरस. ओव्हरीच्या मुळाशी भ्रूणावस्थेपासून राहिलेल्या बारीक नळ्यांचं एक जाळं असतं. त्या नळ्यांत पाणी साठत जातं आणि फुगा होतो. ही गाठ सहसा हॉर्मोन सोडत नाही, हॉर्मोनच्या इंजेक्शनलाही जुमानत नाही, आणि वयाबरोबर मोठीच होत जाते. गिनीपिगमध्ये सर्वांत जास्त आढळते ती हीच. आणि दोन्ही जाती एकाच जनावरात एकत्र असू शकतात.

बुंदीचं तसंच झालं असावं. आम्ही आधी इंजेक्शनचा मार्ग धरला. गर्भारपणात बायकांच्या शरीरात तयार होणाऱ्या एचसीजी या हॉर्मोनचं इंजेक्शन, काही दिवसांच्या अंतरानं. तिचं चढणं थांबलं, कुशींवर मऊ लव उगवायला लागली. घरात आनंद झाला. आबांनी तर 'बघ, मी म्हटलं न्हवतं?' असा चेहरा केला. पण पुढच्या सोनोग्राफीत उजवीकडची मोठी गाठ तसूभरही कमी झाली नव्हती. पाश्चात्त्य देशांत डेस्लोरेलिन नावाचं कातडीखाली बसवायचं इम्प्लांट वापरतात. त्याचीही चौकशी मी केली. पण 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या इम्प्लांटनं सिस्टच्या आकारात फरक पडल्याचं दिसलं नव्हतं. तो दरवाजा मग मी स्वतःच लावून घेतला.

मग सुई. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत कुशीतून सुई घालून गाठीतलं पाणी काढून घेतात. निघालेलं पाणी पिवळसर आणि नितळ होतं. सिरिंज भरत गेली तसतसं बुंदीचं पोट डोळ्यांदेखत खाली बसलं आणि त्या संध्याकाळी ती गवतावर तुटून पडली. सुरीशिवाय काम भागलं, हेच मला हवं होतं. काही आठवड्यांत गाठ परत भरली. पुन्हा काढलं, पुन्हा भरली. पाणी तयार करणारं अस्तर आत शाबूत असतं, ते आपलं काम करत राहतं. सुईचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. म्हातारी, अशक्त मादी, जिला भूल झेपणार नाही, तिला यानं खरंच आराम पडतो. दम लागलेल्या जनावराला ऑपरेशनपर्यंत नेण्यासाठीही हा उपाय चांगला. पण तीन वर्षांच्या, हुंदडणाऱ्या प्राण्याला दर काही आठवड्यांनी सुई टोचत राहणं म्हणजे उपचार होतोय असं स्वतःला सांगत वेळ काढणं.

माझं मन फिरलं ते पुण्यात, लहान आणि वेगळ्या प्राण्यांवर काम करणाऱ्या एका डॉक्टरबाईंशी बोलताना. मी त्यांना आबांचंच वाक्य ऐकवलं होतं: अजून चांगली खातेय, खायचं थांबली की बघू. त्या म्हणाल्या, "खायचं थांबल्यावर आणू नका. तेव्हा मी हात लावणार नाही."

त्याचं कारण त्यांनी समजावून सांगितलं, आणि गोठ्यात इतकी वर्षं काढूनही मी त्या दिशेनं कधी विचार केला नव्हता. गाय एखाद-दुसरा दिवस वैरणीला तोंड लावत नसेल तर काळजी वाटते, पण हाताशी वेळ असतो. गिनीपिगचं पचन होतं शेवटच्या टोकाला, पोटाचा बराच भाग व्यापून बसलेल्या आंधळ्या आतड्यात. तिथले जिवाणू गवताचा धागा कुजवून अन्न करतात. वरून गवत येणं थांबलं की आतडं मंदावतं, वायू धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून खाणं आणखी कमी होतं. एका दिवसात गाडी घसरणीला लागते आणि साठवलेली चरबी यकृतावर चढायला लागते. म्हणजे गाठीमुळे उपाशी राहिलेली मादी टेबलावर येते तेव्हा तिला दुसराच जीवघेणा आजार झालेला असतो. त्यात हा प्राणी जन्माचा भित्रा. रानात दुखणं दाखवणारा आधी शिकार होतो, त्यामुळे अगदी गळ्याशी येईपर्यंत तो दुखणं लपवतो. 'खातेय' हे गाईच्या तब्येतीचं प्रमाणपत्र आहे. गिनीपिगच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच की अजून वेळ आहे.

आकडेही त्यांनी लपवले नाहीत. ब्रिटनमध्ये झालेला आणि 2008 साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे, भूल दिल्यानंतर किती पाळीव प्राणी दगावतात याचा. कुत्र्यांत 0.17 टक्के, मांजरांत 0.24 टक्के, सशांत 1.39 टक्के, गिनीपिगमध्ये 3.8 टक्के. म्हणजे शंभरातले जवळपास चार. हा आकडा ऐकून मी गप्पच झाले. पण त्याच अभ्यासातला पुढचा आकडा माझ्या डोक्यात जास्त घर करून बसला: निरोगी सशांत हे प्रमाण 0.73 टक्के आणि आजारी सशांत 7.37 टक्के. दहापट. 'ऑपरेशन शेवटचा उपाय' असं म्हणत आपण त्या जिवाला एका रकान्यातून उचलून दुसऱ्या रकान्यात नेऊन ठेवतो. मला जी दया वाटत होती, तिनं धोका एका कणानंही कमी होत नव्हता. उलट तो वाढत होता, आणि वाढत असताना मला बरं वाटत होतं.

आबांशी वाद झाला. खर्चाचा मुद्दा त्यांनी काढला आणि तो मी उडवून लावला नाही. ज्या पैशात बुंदी आणली त्याच्या कितीतरी पट पैसे लागणार होते आणि आमचं घर दुधाच्या बिलावर आणि माझ्या पगारावर चालतं. पण आबा अडलेल्या म्हशीपाशी रात्रभर कंदील घेऊन बसणारे गृहस्थ आहेत, रेडकू मेलं तर दोन दिवस नीट न जेवणारे. त्यांचा खरा आक्षेप पैशाचा नव्हता. "चालतं-बोलतं जनावर आपल्या हातानं मरायला न्यायचं व्हय?" असं ते म्हणाले. मीही आधी हेच म्हणत होते, त्यामुळे त्यांना उत्तर देणं सोपं नव्हतं. मी त्यांना सशांचे आकडे सांगितले. ते काही बोलले नाहीत. निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र नदीकडच्या बांधावरून हरळीची मोठी पेंढी आणून, धुऊन, झटकून त्यांनी पिंजऱ्यापाशी ठेवली.

उन्हाळा तोंडावर होता आणि गिनीपिगला उकाडा सोसत नाही, म्हणून पहाटेच्या अंधारातच शिये फाट्यावरून हायवेला लागलो. चिंगीलाही बरोबर घेतलं. जोडीदार शेजारी असला की हे प्राणी शांत राहतात आणि परत आल्यावर एकमेकींना ओळखायचा प्रश्नही येत नाही. ऑपरेशनच्या आधी माणसासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. गिनीपिगला उलटी होतच नाही, आणि उपास तर त्याचा शत्रू. गाडीतही गवत समोर होतंच. भुलीच्या आधी फक्त तोंडात राहिलेला चोथा धुऊन काढला.

नुसत्या ओव्हरी काढायच्या असतील तर दोन्ही कुशींवर छोटा छेद देऊन काम होतं, कारण त्या मूत्रपिंडाला लागून असतात आणि पोटाच्या मधून तिथवर पोचायला आतडी फार हाताळावी लागतात. बुंदीच्या गर्भाशयाची भिंत सोनोग्राफीत जाड दिसली होती. सिस्टबरोबर असे बदल पुष्कळदा सापडतात, कधी गर्भाशयात गाठीही असतात. म्हणून डॉक्टरबाईंनी पोटाच्या मधून जाऊन ओव्हरी आणि गर्भाशय दोन्ही काढलं. काढलेलं सगळं त्यांनी एका स्टीलच्या ट्रेमध्ये दाखवलं. उजवीकडची गाठ इतकी पातळ होती की तिच्यातून ट्रेचा तळ दिसत होता.

खरी कसोटी त्यानंतर असते. भुलीत दगावणाऱ्या सशांपैकी बहुतेक जण टेबलावर जात नाहीत, भूल उतरल्यानंतरच्या काळात जातात. म्हणून ऊब, वेदनाशामक आणि अन्न ही तीन कामं घड्याळ लावून करावी लागतात. वेदनाशामकाबाबत मी आधी हलगर्जी विचार करायची, की थोडं दुखलं तर जनावर हालचाल कमी करेल, टाके सुटणार नाहीत. दुखणारा गिनीपिग खात नाही, आणि न खाणारा गिनीपिग जगत नाही. मेलॉक्सिकॅमचे थेंब डॉक्टरांनी वजनावर काढून दिले होते. दर काही तासांनी दळलेल्या गवताची पातळ खीर सिरिंजनं, गालाच्या बाजूनं, थोडी थोडी. एक घोट गिळून चावायला लागली की मगच पुढचा. पहिल्या रात्री बुंदी पाठीला कुबड काढून, अंग फुलवून, डोळे अर्धे मिटून बसली होती. मी आणि लेक आळीपाळीनं जागलो. सकाळी टॉवेलवर लेंड्या दिसल्या, बारीक, सुकलेल्या, पण लेंड्या. लेकीनं त्याचा फोटो काढून आबांना पाठवला. शेणावरून जनावर ओळखणाऱ्या माणसाला त्याहून चांगली बातमी कोणती पाठवणार?

आणखी एक गोष्ट सांगते, कारण तिनं जीव जातात. घरात उरलेलं माणसाचं अँटिबायोटिक गिनीपिगला कधीही पाजू नये. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन यांसारखी साधी औषधं तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि काही दिवसांत प्राणी जातो.

बुंदीचे टाके भरले, केस परत आले, वजन वाढलं. पण तिचं बरं होणं हा माझ्या मताचा आधार नाही. शंभरातल्या चारांत ती असती तरी मी हेच लिहिलं असतं, फार जड हातानं लिहिलं असतं एवढंच. डॉक्टरांपुढे जे ठेवायचं ते धडधाकट जनावर ठेवायचं, हे गणित तिच्या नशिबावर अवलंबून नव्हतं.

आता आबांची गाडी उलट दिशेनं सुटली आहे. चिंगी बुंदीपेक्षा वयानं मोठी, साडेचारच्या पुढची. तिचीही सोनोग्राफी करून घेतली तर दोन्हीकडे सिस्ट निघाल्या, 1 सेंटीमीटरच्या आतल्या. "मग हिचंबी उरकून टाका, चरतीया तोवर," आबा म्हणतात. मी नको म्हणते. केस दाट आहेत, स्वभाव तोच आहे, गाठी लहान आहेत आणि वय उतरणीला लागलेलं आहे. तिच्या बाबतीत भुलीचा धोका आज गाठीच्या धोक्यापेक्षा मोठा आहे. डॉक्टरबाईंचंही हेच मत पडलं. दर रविवारी आम्ही तिला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर, प्लॅस्टिकच्या टोपलीत बसवून मोजतो आणि आकडा दूध संघाच्या कॅलेंडरवर लिहितो. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. वजन सलग उतरायला लागलं, कुशी विरळ झाल्या किंवा गाठ 2 सेंटीमीटरच्या पुढे गेली, तर ती खात असतानाच पुण्याला न्यायची, असं ठरलं आहे. आबांना ते अजून पूर्ण पटलेलं नाही. रविवारी वजन घेताना ते काट्यापाशी येऊन उभे राहतात आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेतात.